उपाशी म्हणजे उपाशी!

माझा पीएचडीचा विषय गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, आणि त्या रुग्णांच्या रक्तातले चयापचयाचे बदल. दुखतोय गुडघा, मग रक्त कशाला, असं घरचेही विचारतात. एक्स-रेमध्ये झीज दिसेपर्यंत कूर्चा बरीच गेलेली असते. रक्त त्याआधी काही बोलतं का, ते बघायचं. 2010 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही अमिनो आम्लं हिस्टिडीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या तुलनेत या रुग्णांत वाढलेली आढळली होती. मी तिथूनच सुरुवात केली.

पहिल्याच खेपेला रुग्णांच्या नमुन्यांत लॅक्टेट जास्त, ग्लुकोज कमी. मी हरखले. गाइडनी एवढंच विचारलं, "सेंट्रिफ्यूज किती वाजता केलंस?" रुग्णांच्या नळ्या वॉर्डातून दुपारी यायच्या, निरोगी लोकांचं रक्त आमच्याच लॅबमध्ये काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्या जायच्या. लाल पेशी नळीतही ग्लुकोज खात राहतात, लॅक्टेट सोडत राहतात. साध्या तापमानाला तासाला पाच-सात टक्के ग्लुकोज असंच जातं. मी आजार नाही, वॉर्डबॉयचा उशीर मोजला होता! सगळे नमुने बाद. तेव्हापासून नळी बर्फात, वर रक्त काढल्याची वेळ, अर्ध्या तासात प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचं रक्तातलं द्रव, वेगळा आणि थेट उणे 80 च्या फ्रीझरला. रक्तातले रेणू मोजणारं लाखमोलाचं मास स्पेक्ट्रोमीटर ही चूक दुरुस्त करत नाही.

तुलनेचा गट निवडताना गुडघा दुखत नाही एवढ्यावर जाऊ नका. एक्स-रे काढून झीज किती ते सांगणारी केल्ग्रेन-लॉरेन्स श्रेणी बघा. वय, वजन, मधुमेह, त्यावरची मेटफॉर्मिनची गोळी यांची नोंद नसेल तर लठ्ठपणाच्याच खुणा झिजेच्या म्हणून छापून येतील. रुग्ण आणि निरोगी नमुने यंत्रात आलटूनपालटून लावा, मध्ये मध्ये सगळ्यांचं थोडंथोडं मिसळलेला नमुना घाला, यंत्राचं मोजमाप सरकलं तर कळतं. आकडेवारीसाठीची आर ही संगणकाची भाषा मात्र पहिल्याच वर्षी शिका, मी तिसऱ्या वर्षी रडत शिकले.

आणि रक्त उपाशीपोटीचं हवं म्हणून रुग्णाला "उपवास आहे ना?" असं चुकूनही विचारू नका. एका चतुर्थीला एक आजी ठामपणे हो म्हणाल्या. रक्त काढून झालं, कापूस दाबून धरत त्या सिस्टरना सांगत होत्या, खिचडीत साबुदाणा आज जरा चिवटच झाला. आता मी विचारते, "सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काय गेलं?"

"काही नाही गं," उत्तर येतं. "नुसता चहा."