घरात पहिली माशांची टाकी कशी लावावी

टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणू नका. नव्या टाकीतले मासे पहिल्या काही दिवसांत मरतात, ते बहुधा याच घाईमुळे.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्या. तीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. लहान भांड्यातले पाणी लगेच बिघडते, म्हणून नवख्याला मोठीच टाकी सोपी. खडीसकट वजन 70 किलोच्या घरात जाते, तेव्हा टेबल भक्कम हवे, टाकीखाली थर्माकोलची शीट हवी. ऊन येणारी खिडकी टाळा, शेवाळ माजते.

खडी नदीतली असेल तर तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती नको. धुताना साबण अजिबात नको.

बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांचे पाणी नळाला येते. त्यात क्लोरीन असते, म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेले आहे. त्यात गप्पी, मोली हे मासे छान राहतात.

आता खरे काम. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. मग त्याचे नायट्रेट होते, ते बरेच सौम्य. हे जिवाणू जमायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर पाणी भरलेल्या, पण मासे नसलेल्या टाकीत फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट मात्र दिसतेय, असे झाले की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम लवकर होते.

पहिल्यांदा पाच-सहा नर गप्पीच आणा. माद्या आणल्यात तर पिल्ले आवरत नाहीत. गोल्डफिश या टाकीत नको, तो फार वाढतो. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, मग मासे जाळीने सोडा.

आपल्याकडे थंडीत रात्री पाणी चांगलेच गारठते. हीटर 25 अंशांवर ठेवा आणि पाणी काढण्याआधी तो बंद करा, नाहीतर हीटरची काच तडकते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर जिवाणू मरतील. मासे जास्त झाले तर दुकानदाराला परत द्या. मलप्रभेत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्यांचा उपद्रव होतो.