डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि झोप बिघडली, तर काय करायचं

गोळी सुरू करून आठवडा होत नाही तोवर झोप उडाली, नाहीतर उलट दिवसभर पेंगायला होतंय, म्हणून लई जण परस्पर गोळी बंद करतात. कृपा करून तसं करू नका. मूड सुधारायला २ ते ६ आठवडे लागतात, झोपेवर परिणाम मात्र पहिल्याच दिवसांत दिसतो, आणि बऱ्याच जणांचा हळूहळू कमी पण होतो.

आधी पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, बुप्रोपिऑन यांनी झोप उडू शकते. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रॅझोडोन गुंगी आणतात, त्यात मिर्टाझापिन हिस्टामिनला (मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनाला) अडवतं म्हणून सर्दीच्या गोळीसारखं जड वाटतं. अशी गोळी नवीन असताना सकाळी हायवेला गाडी काढू नका.

मग वेळ बघा, खरी मेख इथंच आहे. झोप उडवणारी गोळी साधारण सकाळी आणि गुंगीची रात्री देतात. पण कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नाईट शिफ्ट असेल तर तुमची सकाळ म्हणजे तुम्ही उठता ती वेळ. चिठ्ठीवर नुसतं १-०-० (सकाळी एक, दुपारी-रात्री नाही) असतं, आणि फौंड्रीतनं सकाळी घरी आलेला माणूस ती गोळी खाऊन तसाच आडवा होतो, मग झोप येणार कशी? शिफ्टचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि वेळ त्यांच्याकडूनच बदलून घ्या.

उशाला वही ठेवा, गोळी कधी घेतली, झोप कधी लागली, कितीदा जाग आली, रात्री पाय वळवळत होते का, एवढं लिहिलं तरी बास. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याची ओपीडी असो नाहीतर खाजगी दवाखाना, गर्दीत नेमकं सांगायला सुचत नाही, वही पुढं करा.

यातल्या बऱ्याच गोळ्या स्वप्नांची झोप दाबून ठेवतात, त्यामुळं एकदम सोडल्या की ती उसळून येते आणि भयानक स्वप्नं पडतात, माणसाला वाटतं आजार परत आला. म्हणून सोडायची झाली तरी डॉक्टर सांगतील तशी टप्प्याटप्प्यानं. आणि शेजाऱ्यानं दिलेली क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी नकोच, तिची सवय लागते.

दोन-तीन तास झोपून पण थकवा नाही, बडबड वाढली, पैसा उधळणं सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतनं बोलता येतं.