बंदुकीच्या दस्त्यासाठी चिकटद्रव्याची निवड

लाकडी दस्ता बहुधा मुठीजवळ तडकतो, कारण तिथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि त्यात बसवलेली धातूची शेपटी प्रत्येक बाराच्या धक्क्याने पाचरीसारखी मागे रेटली जाते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून धातूचे भाग सुटे केल्यावर आधी तडा तेलकट आहे का ते पाहावे, कारण निवडीचा निम्मा निर्णय तिथेच होतो. (इतरांची शस्त्रे धंदा म्हणून दुरुस्त करायला १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो.)

जुन्या अक्रोडाच्या लाकडात वर्षानुवर्षे मुरलेले तेल कोणत्याही चिकटद्रव्याला पकड घेऊ देत नाही. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप तड्यावर द्यावा. सुकल्यावर तो पिवळट दिसला, तर तेल अजून सुटते आहे असे समजून लेप पुन्हा द्यावा. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूरच करावे.

फेव्हिकॉलच्या जातीचे पांढरे चिकटद्रव्य स्वच्छ, घट्ट बसणाऱ्या सांध्याला चांगले, पण सततच्या ताणाखाली आणि उन्हात ते हळूहळू सरकते. सायनोॲक्रिलेट (फेव्हिक्विकच्या जातीचे झटपट चिकटणारे द्रव्य) केसाएवढ्या चिरेत छान झिरपते, मात्र ठिसूळ असल्याने मुठीचा भार त्यावर टाकू नये. मुठीसाठी मी सावकाश घट्ट होणारे इपॉक्सीच (दोन भाग मिसळून वापरायचे चिकटद्रव्य) वापरतो. पाच मिनिटांचे इपॉक्सी तड्याच्या तळाशी पोहोचण्याआधीच आळू लागते. सांधा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळावा, पण सगळे इपॉक्सी बाहेर येईल इतका नव्हे.

बेडिंगची, म्हणजे धातूचे भाग दस्त्यात न हलता बसावेत म्हणून मधली जागा भरण्याची, गरज वेगळी आहे. तिथे लाकूड चिकटवायचे नसून धातूला हुबेहूब बैठक द्यायची असते, म्हणून पोलादाची भुकटी किंवा काचतंतू मिसळलेले, न ओघळणारे इपॉक्सी घ्यावे. गाड्यांच्या पत्र्यावर भरतात ती पॉलिएस्टर पुट्टी स्वस्त असली, तरी घट्ट होताना अधिक आक्रसते आणि बैठक ढिली पडते. धातूला मेणाचे दोन हात द्यावेत आणि स्क्रूची भोके खेळण्यातल्या मातीने बुजवावीत. एक भोक विसरले तरी धातू लाकडात कायमचा अडकू शकतो. धक्का झेलणाऱ्या लगच्या (धातूच्या भागाखालच्या ठोकळ्याच्या) पुढच्या, खालच्या व बाजूच्या अंगांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे मागचे अंगच काय ते टेकेल.

मिश्रणाचा उरलेला गोळा झाकणावर तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतत असेल, तर दस्त्याची पट्टी सोडू नये.