एकाच फोनचे चार्जिंग ठिकाणागणिक का बदलते आणि त्याचे कारण कसे शोधावे

घरी तासाभरात निम्म्याहून अधिक भरणारा फोन कार्यालयात तेवढ्याच वेळात जेमतेम दहा टक्के वर सरकतो, तेव्हा आपला पहिला संशय तिथल्या विजेवर जातो. 'इकडे व्होल्टेज कमी आहे' असे म्हणून आपण गप्प बसतो. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो. फोनच्या अडॅप्टरवर 'इनपुट 100-240 व्होल्ट' असे छापलेले असते. याचा अर्थ असा की घरातले 230 व्होल्ट असोत, अमेरिकेतले 120 असोत किंवा गावाकडे संध्याकाळी दिवे मिणमिणू लागल्यावर उरलेले 170 असोत, अडॅप्टर फोनला द्यायची वीज तेवढीच देत राहतो. फरक पडतो तो भिंतीपासून फोनपर्यंतच्या वाटेवर. ठिकाण बदलले की अडॅप्टर, केबल, उष्णता आणि फोनचा वापर या चारही गोष्टी आपण एकाच वेळी बदलतो, आणि म्हणूनच दोष कशाचा ते उमगत नाही.

सुरुवात अडॅप्टरपासून करावी. त्याच्या पाठीवर करड्या रंगात इतकी बारीक अक्षरे असतात की मोबाइलने छायाचित्र काढून ते मोठे करून वाचणेच सोयीचे पडते. त्यात 'आउटपुट'पुढचे आकडे पाहावेत. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. 5 व्होल्ट आणि 2 अँपिअर असतील तर 10 वॉट, 9 व्होल्ट आणि 2 अँपिअर असतील तर 18 वॉट. आता संगणकाच्या साध्या यूएसबी 2.0 पोर्टचा हिशेब पाहा. तिथे ठरलेली मर्यादा 5 व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॉट. 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॉट-तास ऊर्जा मावते, तेव्हा अशा पोर्टवर ती पूर्ण भरायला आठ तासांहून अधिक लागतात, आणि मधल्या काळात आपण फोन वापरला तर आणखीच. कार्यालयातल्या मंद चार्जिंगचे कारण पुष्कळदा एवढेच असते: फोन भिंतीवरच्या सॉकेटला न लावता संगणकाला लावलेला असतो. अनेक मोटारींमधले जुने यूएसबी पोर्टही मुळात गाणी वाजवण्यासाठी दिलेले असल्यामुळे याच पंक्तीत बसतात.

अडॅप्टरवर 65 वॉट लिहिले आहे म्हणून फोनला 65 वॉट मिळतीलच असे मात्र नाही, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. अडॅप्टर आणि फोन आधी आपसांत बोलणी करतात व दोघांनाही मान्य असलेल्या व्होल्टेजवरच वेगवान चार्जिंग सुरू होते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही त्यासाठीची सामाईक पद्धत आहे. ओप्पोच्या सुपरवूकसारख्या काही पद्धती मात्र कंपनीच्या स्वतःच्या आहेत. त्यामुळे अशा फोनला मित्राकडचा लॅपटॉपचा दणकट अडॅप्टर लावला तरी वेग घरच्यापेक्षा कमी भरू शकतो. त्यात कोणाचीही खराबी नसते. दोन-तीन पोर्टांच्या अडॅप्टरमध्ये शेजारी दुसरे उपकरण लावले की एकूण वॉट वाटले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

केबलकडे आपण फारसे पाहत नाही, पण ती पाहण्याजोगी आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल 3 अँपिअरपर्यंत वीज वाहते. 5 अँपिअरसाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. पिनजवळ वाकवून वाकवून झिजलेली किंवा फार लांब व बारीक तारेची केबल वाटेतच व्होल्टेज खाते. केबल फोनमध्ये बसताना पूर्वीसारखा 'टक' असा आवाज येत नसेल आणि ती किंचित बाहेर राहत असेल, तर पोर्टात खिशातल्या कापडाचे तंतू दाबून बसलेले असतात. फोन बंद करून कोरड्या लाकडी दातकोरणीने ते हलक्या हाताने काढावेत. टाचणी किंवा सुई कधीही घालू नये.

यानंतर उष्णता. लिथियम-आयन बॅटरी तापली की तिचे आयुष्य जपण्यासाठी फोन स्वतःच वेग उतरवतो. एप्रिल-मे महिन्यांत मोटारीच्या काचेला लावलेला, नकाशा चालू असलेला आणि कमकुवत सिग्नल शोधणारा फोन तीन बाजूंनी तापतो व आलेली वीज खर्चही करतो. त्याला एसीच्या झोताजवळ ठेवले आणि कव्हर काढले, तरी फरक दिसतो. शिवाय साधारण 80 टक्क्यांनंतर प्रत्येक फोन वेग कमी करतो, म्हणून घरच्या 20 ते 50 टक्क्यांची तुलना बाहेरच्या 80 ते 100 टक्क्यांशी करणे अन्यायाचे ठरते. आयफोनमध्ये तर ठिकाणाचा खरोखरच संबंध येतो: त्यातली 'ऑप्टिमाइझ्ड' चार्जिंगची सोय घर आणि कार्यालय अशा नेहमीच्या जागीच काम करते आणि 80 टक्क्यांच्या पुढचे चार्जिंग लांबणीवर टाकते.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. बॅटरी 20 ते 30 टक्क्यांवर असताना फोन विमान मोडवर ठेवावा, पडदा बंद करावा आणि वीस मिनिटांत किती टक्के वाढले ते लिहून ठेवावे. घरचा अडॅप्टर आणि घरचीच केबल घेऊन मंद वाटणाऱ्या ठिकाणी हाच प्रयोग करावा. वेग घरच्याइतका आला तर तिथली वीज निर्दोष आहे. मग तिथली केबल तशीच लावून फक्त अडॅप्टर आपला ठेवावा, नंतर उलट करावे. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या तर प्रयोग वाया जातो. अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर 'वेगाने' किंवा 'हळू' चार्ज होत असल्याची सूचना बहुधा दिसते, तिचाही आधार घ्यावा.

भिंतीवरचे सॉकेट सैल असेल तर चार्जिंग सारखे तुटते आणि पुन्हा सुरू होते. तसे आढळल्यास वेगाची चर्चा बाजूला ठेवून ते सॉकेट वापरणे थांबवावे, कारण तिथे ठिणगी पडण्याचा धोका असतो. रेल्वेच्या डब्यातले चार्जिंग पॉइंट 110 व्होल्टचे असतात आणि अडॅप्टरला ते पुरतात. तिथेही बहुधा सॉकेटची सैल पकडच आड येते, तेव्हा शेजारचा पॉइंट वापरून पाहावा आणि अडॅप्टर स्वतःच्या वजनाने लोंबकळू देऊ नये.