गोव्यात गिटार घडवताना या चुका टाळा

जुलैत बॉक्स (पोकळ धड) चिकटवून बंद केलेली गिटार जानेवारीत घाट चढून बेळगावला गेली, किंवा एसी शोरूममध्ये महिनाभर टांगली गेली, की वरच्या फळीला, म्हणजे टॉपला, ब्रिजपासून (तारा अडकवायच्या लाकडी तुकड्यापासून) खाली उभी चीर जाते. दोष लाकडाला दिला जातो. लाकूड बहुतेक वेळा निर्दोष असतं, चूक चिकटवण्याच्या दिवसाची असते.

हिशेब साधा आहे. हवेत ८५ टक्के आर्द्रता असताना स्प्रूसमध्ये (टॉपच्या लाकडात) वजनाच्या सुमारे १७ टक्के पाणी मुरतं, ४५ टक्के आर्द्रतेला ते आठ-साडेआठवर येतं. एवढ्या फरकाने ४०० मिमी रुंद टॉप आडवा जवळपास ५ मिमी आकसतो. मागून आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटलेल्या, कडा बाजूंना बांधलेल्या. मग तो ५ मिमी आणणार कुठून? फाटतो. उलट ४५ टक्क्यांना जोडलेली गिटार पावसात फुगते, तारा वर चढतात, पण ती फुटत नाही. म्हणून पट्ट्या चिकटवणं आणि बॉक्स बंद करणं ही दोन कामं ४५ ते ५० टक्क्यांतच करा. बाकी कामांना एवढा कडकपणा लागत नाही. जून ते चवथीपर्यंत साचे बनवा, दांड्या (गिटारचे नेक) कोरा, पण बॉक्स बंद करायला घेऊ नका. घ्यायचाच असेल तर कोरडी खोली हवी.

पहिली चूक इथेच होते: स्वस्त हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर, आंधळा विश्वास. तो दहा-दहा टक्के चुकीचं दाखवतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा (विरघळू देऊ नका) आणि मीटरसोबत हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ८१ दाखवत असेल तर तो ६ जास्त दाखवतो. तसं त्याच्यावर लिहूनच ठेवा.

डिह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारं यंत्र) नसेल तर जुनं लाकडी कपाट आणि तारेचे बल्ब चालतात. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३८ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ५० च्या खाली येते. फळ्या सुट्या उभ्या ठेवा, बल्बपासून हातभर लांब, आणि दर दोन दिवसांनी किचनच्या काट्यावर तोला. वजन घटायचं थांबलं की लाकूड तयार. किती दिवस, हे काटा सांगेल, कॅलेंडर नाही. मात्र बाहेर काढल्यावर २.५-३ मिमीची पातळ फळी पटकन ओल ओढते. पट्ट्या, गोंद, क्लॅम्प सगळं हाताशी मांडून मगच कपाट उघडा.

पट्ट्या सपाट चिकटवणं ही दुसरी मोठी चूक. टॉपखालच्या पट्ट्यांच्या टॉपला चिकटणाऱ्या बुडाला साधारण २५ फूट त्रिज्येची कमान हवी. ४०० मिमी रुंदीत मध्यभागी अडीच मिमी उंचवटा येतो. कोरड्या हवेत टॉप आधी ही कमान खर्च करतो, मग ताणाखाली येतो. पट्ट्यांसाठी लाकूड करवतीने न कापता रेषेवरून फाडा. रेषा तिरकी निघालेली पट्टी जाड असूनही लवते, मग ती अजून जाड केली जाते आणि आवाज कोंडतो.

ब्रिज उचलतोय? आधी पातळ कागदाची पट्टी त्याच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. आत शिरली तर सांधा सुटतोय. लाइट तारांच्या सेटचा ताणही ७० किलोच्या आसपास असतो, आणि दारं-खिडक्यांचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू घसरतो. उन्हात उभ्या गाडीत तर मऊच पडतो. इथे पिवळा अ‍ॅलिफॅटिक गोंद किंवा सरस वापरा. सरस पाण्याच्या भांड्यात ६० अंशांच्या थोडा वर तापवा, उकळू देऊ नका, आणि लावताना पंखा बंद ठेवा, नाहीतर क्लॅम्प लागायच्या आत साय धरते. दमट दिवसांत उरलेल्या सरसाला बुरशी येते, म्हणून रोज थोडाच करा. शिसवी तेलकट असते: ब्रिजचं बूड चिकटवण्याच्या आधी लगेच खरवडा, काल घासलेलं चालत नाही. बुडाला टॉपचीच कमान द्या, खालचं पॉलिश लाकडापर्यंत काढा. क्लॅम्प एवढा आवळू नका की सगळा गोंद बाहेर येईल. चोवीस तास क्लॅम्प, दोन दिवसांनी तारा.

बाजू वाकवताना फणस किंवा शिसवी तडकली, तर बहुधा जाडी जास्त आहे. २ मिमीवर आणा. लाकूड वाकवते ती उष्णता, पाणी नव्हे; भिजवून ठेवलेली पट्टी नंतर आडवी पन्हळते. वाकवल्यावर साच्यात दोन रात्री आवळून ठेवा. पावसात मोकळी सोडली तर सकाळपर्यंत उघडते.

वर जाताना सूर चढा लागतो, त्याचं कारण बरेचदा मोजपट्टी असतं. प्रत्येक फ्रेट (दांडीवरची आडवी धातूची पट्टी) मागच्या फ्रेटपासून मोजली की चुका साठत जातात. सगळ्या नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीपासून) मोजा. ६४८ मिमी स्केलला (तारेच्या हिशेबी लांबीला) पहिली ३६.३७, दुसरी ७०.७०, बारावी ३२४ मिमीवर. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकणारी पट्टी) मात्र बरोबर ६४८ वर बसवू नका: पहिल्या तारेला सुमारे २, सहाव्या तारेला ५ मिमी मागे.

लॅकर पावसात मारला तर पांढरट धुकं धरतो. आर्द्रता ६५ च्या खाली येईपर्यंत थांबा, इतकंच.

ऑगस्टमध्ये तारा उंच झाल्या म्हणून सॅडल घासणारे पुष्कळ. आधी दांडीचा बाक पाहा, मग टॉप फुगलाय का ते सरळ मोजपट्टी टेकवून तपासा. टॉपच फुगला असेल तर सॅडल घासून जानेवारीत खरखर ओढवून घ्याल. हाडाच्या दोन सॅडल करा, एक पावसाळी, एक कोरड्या दिवसांची. बाराव्या फ्रेटवर तारा अर्धा मिमी उतरवायच्या तर सॅडल एक मिमी घासावी लागते. घासायचं ते बुडाकडून, काच किंवा सपाट फरशीवर काचपेपर ठेवून. बूड तिरकं राहिलं तर एका तारेचा आवाज बसतो आणि सॅडलखाली पिकअप (आवाज अ‍ॅम्पकडे पाठवणारा सेन्सर) असेल तर तो एकीकडेच जोरात वाजतो.