मीटिंगमध्ये घाम फुटतो? फ्रांकल यांची उलटी युक्ती वापरून बघा

अस्तित्ववाद, म्हणजे आपण कसं जगायचं ते आपणच निवडतो असं सांगणारं तत्त्वज्ञान, म्हटलं की पॅरिसचे कॅफे आणि जाडजूड ग्रंथ आठवतात. त्याच विचारातून आलेली, नोकरीधंद्यात रोज वापरता येईल अशी एक युक्ती मात्र व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल (१९०५–१९९७) यांनी दिली. तिच्याबद्दल त्यांनी १९३९ मध्येच लिहिलं होतं. शरीर आपल्या हुकमात नसतं, पण त्याच्याकडे कसं बघायचं ते आपण ठरवू शकतो, हा तिचा पाया.

मागच्या मीटिंगमध्ये घाम फुटला, म्हणून या वेळी तो फुटेल अशी धास्ती बसते आणि त्या धास्तीनंच तो फुटतो. ‘घाम येता कामा नये’ म्हणून झगडलं की आणखी येतो. म्हणून ज्याची भीती तेच मागायचं, तेही भरघोस. घामाला घाबरणाऱ्या एका तरुण डॉक्टरला फ्रांकल यांनी मनाशी म्हणायला सांगितलं: आधी लिटरभरच घाम आला, आता किमान दहा लिटर काढून दाखवतो! चार वर्षांचा त्रास आठवड्याभरात गेला. सगळ्यांचा इतक्या झटपट जाईलच असं नाही.

आधी एकच लक्षण निवडा: घाम, हाताची थरथर किंवा ततपप. इथे बरेच जण चुकतात. ‘माझी नोकरी जाऊ दे’ असं मागायचं नाही. तो परिणाम झाला. मागायचं ते लक्षण. मग त्याचं एक अचाट वाक्य करा: ‘आज हात असा थरथरू दे की साहेबांच्या कपातला चहासुद्धा हिंदकळेल.’ ते म्हणताना स्वतःलाच हसू आलं पाहिजे. हसू येत नसेल तर वाक्य मिळमिळीत आहे, आणखी फुगवा. घरी दोन-तीन मिनिटं मोठ्यानं म्हणा, मीटिंगच्या दारात मनात म्हणा, आणि बोलताना थरथर सुरू झालीच तर ‘एवढीच? आणखी येऊ दे’ म्हणून पुढचा मुद्दा घ्या. स्लाइडच तयार नसतील तर मात्र ही युक्ती काही कामाची नाही. ती भीती रास्त आहे.

झोपेसाठीही हेच. दिवा बंद करा, आडवे व्हा, डोळे उघडे ठेवा आणि ठरवा, ‘अजून थोडा वेळ जागंच राहायचं.’ मोबाइल नको, उठून कामं नकोत. नुसतं पडून जागं राहायचं. ‘आता लागतेय का झोप?’ म्हणून घड्याळ बघितलंत की संपलं: वरून जागं राहायचं नाटक, आतून झोपेसाठी धडपड, आणि पुन्हा टक्क जागे.

नैराश्य तीव्र असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील तर हा प्रयोग करू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. बायपोलर आजारात (मन कधी अति उत्साही, कधी खूप खचलेलं असतं तो आजार) मुद्दाम जागरण धोक्याचं. छातीत दुखणं, भोवळ ही लक्षणं ‘आणखी येऊ दे’ म्हणण्याची नव्हेत. ती आधी तपासून घ्या. आठवड्यातून तीन रात्री झोप उडते आणि असं तीन महिने चाललंय, तरीही डॉक्टरच. जोराचं घोरणं असेल तर तेही त्यांना सांगा.