नोकरी न सोडता पेंटिंग कसं करायचं? सुधीर पटवर्धनांकडे बघा

नोकरी सोडून फुलटाइम पेंटिंग करू का असं डोक्यात घोळत असेल तर राजीनामा टाइप करायच्या आधी चित्रकार सुधीर पटवर्धनांचं करिअर एकदा नीट बघा. जन्म १९४९, पुणे. १९७२ ला पुण्याच्या एएफएमसीतून (लष्कराच्या मेडिकल कॉलेजातून) डॉक्टर झाले, मग मुंबई, आणि पुढे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट (एक्सरे वगैरे तपासणारा डॉक्टर) म्हणून काम, ते २००५ पर्यंत. आर्ट स्कूलला गेलेच नाहीत. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन', 'टाउन', 'लोअर परळ' ही सगळी चित्रं डॉक्टरकी चालू असतानाच झाली, आणि १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात ते भूपेन खख्खर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख या चित्रकारांसोबत होते. एक्सरे बघणारा माणूस म्हणून माणसाच्या आतलं दिसतं वगैरे लोक लिहितात, मला ते फार सोपं वाटतं, खरा फायदा हा की घरखर्च चित्रावर अवलंबून नसला की गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून काढावं लागत नाही.

तर सुरुवात विषयापासून करा, आणि विषय लांब शोधू नका. त्यांनी ठाणं, लोकल, गिरण्या, रस्त्यावरची कामगार माणसं वर्षानुवर्षं काढली. तुम्ही रोज ज्या स्टेशनवर उतरता तेच घ्या. खिशात मावेल अशी वही ठेवा आणि फोटो काढायच्या आधी स्केच करा, कारण फोटोत सगळंच येतं आणि मग काय सोडायचं ते कळत नाही, स्केचमध्ये हात आपोआप निवडतो, माणूस पुढच्या स्टेशनला उतरून गेला तरी त्याच्या खांद्याचा बाक वहीत राहिलेला असतो. गर्दीत चेहऱ्यांच्या नादी लागू नका, आधी उभं राहण्याची ढब पकडा.

ऑफिसवरून आल्यावर रात्री फक्त ड्रॉइंग आणि कॉम्पोझिशन करा, रंग सुट्टीच्या दिवशी उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली मिसळलेला रंग सकाळी भलताच दिसतो. वन बीएचकेत राहत असाल तर अ‍ॅक्रिलिक बरं, लवकर सुकतं आणि टर्पेंटाइनचा वास नाही. ऑइल करायचंच असेल तर खालचे थर पातळ, तेल वरच्या थरांत वाढवत न्या, उलटं केलंत तर पुढे तडे जातात. अ‍ॅक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर अ‍ॅक्रिलिक अजिबात नाही. आणि मोठा एकच कॅनव्हास महिनोन् महिने चालू राहिला तरी घाबरू नका, बाजूला छोटे कागद चालू ठेवा म्हणजे हात थांबत नाही.

शिकायला क्लासच लागतो असं नाही, पण बघावं भरपूर लागतं. फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं पुस्तकातून का होईना पण पेन्सिल हातात घेऊन बघा, वजन कुठे आहे, रेषा कुठे तुटते, ते काढून बघा. पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) झालं, त्याचा कॅटलॉग कुणाकडे मिळाला तर ओळीने वर्षं लावून बघा, माणसं कधी मोठी होतात आणि कधी शहर त्यांना गिळतं ते कळेल.

प्रदर्शनाची घाई नको. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज जरूर करा पण तिथे नंबर लागायला वर्षं जातात, तोपर्यंत ग्रुप शो करा. प्रत्येक चित्राचा चांगला फोटो, माप, माध्यम, साल हे एका फाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा, नंतर कोणी विचारलं की रात्रभर शोधत बसावं लागतं. फ्रेमिंगचा खर्च धरूनच किंमत लावा, आणि पगार येतोच आहे म्हणून मित्रांना फुकट वाटू नका.